निंगाप्पा मिस्त्रींची सही

निंगाप्पा मिस्त्री कोणताही कागद दोनदा वाचून घेत. पहिल्या वेळी डोळे मिटून ऐकत आणि दुसऱ्या वेळी डोळे उघडून वाचणाऱ्याच्या बोटाकडे पाहत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "पयल्यांदा माझ्यासाठनं, दुसऱ्यांदा गंगव्वासाठनं. घरला गेल्यावर तिला सांगाय लागतंय, न्हाईतर वाढत न्हाई ती." गंगव्वा म्हणजे त्यांची बायको. ती मिरजेला आणि कागद साताऱ्यात. पण मिस्त्री मिरजेला जाऊन अख्खे पत्र तारखेसकट तिला म्हणून दाखवत.

तुम्हा मुलांपैकी कोणीच त्यांना पाहिलेले नाही, म्हणून आधी थोडे सांगते. मिस्त्री मूळचे गवंडी. दगड घडवता घडवता लहानमोठी सरकारी कामे मक्त्याने घेऊ लागले. लढाईच्या वर्षांत त्यांना कऱ्हाडच्या वाटेवरच्या एका ओढ्यावर दगडी पूल बांधायचे काम मिळाले. बांधकाम खात्याची सारी पत्रे इंग्रजीत येत. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, साताऱ्यात वकिली करत. ते मिस्त्रींचे वकील, पण पत्रे वाचायला त्यांना सवड नसे. मी इंग्रजी शाळेत शिकत होते, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी इंग्रजी ओळीखाली बोट धरून मराठीत सांगत जाई. मिस्त्री मला आक्का म्हणत आणि स्वतःच्या मुलीला म्हणावे तसे तू म्हणत. मी त्यांना आप्पा म्हणू लागले.

त्यांना एवढेच लिहिता येई: स्वतःचे नाव. ते बघण्यासारखे असे. दौतीत टाक बुडवून ते एकेक अक्षर सुटे मांडत, मध्ये थांबून अंतर बघत, आणि सगळी अक्षरे उभी राहिली की वरची रेघ एका दमात ओढत. खात्याचा एक ओव्हरसियर त्यांची थट्टा करी. एवढी कामे घेता, तर आता इंग्रजी शिकून टाका, असे त्याने एकदा सुनावले. आप्पा म्हणाले, "शिकतो की. तुमी तवर एक दगूड घडवून दावा." ओव्हरसियरसुद्धा हसला.

त्यांच्या स्मरणशक्तीचा अनुभव मात्र त्याला पुढे चांगलाच आला. खात्याने एका पत्रात पायाचा नवा नकाशा पंधरा दिवसांत देऊ असे कबूल केले होते. तसे आपण लिहिलेच नव्हते, असे ओव्हरसियर म्हणू लागला. आप्पांनी उभ्या उभ्या ते पत्र म्हटले. जावक नंबर, तारीख, खालचे साहेबांचे नावसुद्धा. फाईल उघडली तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

त्या नकाशानेच सारा घात केला. पाया खणल्यावर खाली पक्का खडक लागला नाही, म्हणून खात्याने काम थांबवले आणि नकाशा बदलायला पुण्याला पाठवला. आज येईल, उद्या येईल असे सांगण्यात एक पावसाळा गेला, मग उन्हाळा गेला. नकाशा आला तेव्हा सिमेंटचा परवाना संपला होता. तो मिळेपर्यंत पुन्हा काही महिने. या सगळ्या काळात तीसेक गवंडी बायकामुलांसह ओढ्याकाठी खोपटी करून राहिलेले. आप्पांनी त्यांना जाऊ दिले नाही, कारण नकाशा पुढच्या आठवड्यात येणार असे खातेच दर वेळी सांगत होते. बसून असलेल्या दिवसांची अर्धी मजुरी देईन, असा त्यांनी त्या लोकांना शब्द दिला होता. नानांनी विचारले की हा शब्द कशाच्या भरवशावर दिलात? आप्पा म्हणाले, "उशीर सरकारचा हाय, सायेब. सरकार भरून दील. पर ती मान्सं माझ्या सांगन्यावर बसल्यात. त्यास्नी सरकार ठावं न्हाई, मी ठावा हाय." उशिराचे काय ते काम संपल्यावर वेगळे बघू, असे खात्याच्या मोठ्या साहेबांनीही त्यांना तोंडी सांगितले होते.

पूल पुरा झाला त्या जूनमध्ये मी मॅट्रिक होऊन सांगलीच्या कॉलेजात निघाले होते. ज्या सकाळी निघायचे, त्याच सकाळी आप्पा एक कागद घेऊन आले. नाना हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला गेलेले. शेवटच्या बिलासोबत हा कागद सही करून द्यायचा होता. आज दिला तर बिल लगेच मंजूर होणार, नाहीतर पावसाळ्यानंतर. गवंड्यांना पेरणीला गावी परतायचे होते, म्हणून आप्पांनाही घाई होती. माझी ट्रंक ओसरीवर बांधून ठेवलेली, आणि स्टेशनकडे जाणारी कोळशाच्या गॅसवरची मोटार राजवाड्यापाशी फुरफुरत उभी असल्याचे शेजारच्यांनी येऊन सांगितलेले. मी उभ्यानेच वाचायला लागले. कामाचे नाव, मोजमाप, बिलाची रक्कम. खाली बारीक अक्षरांत छापलेला एक लांबलचक परिच्छेद होता. तो मी वाचला नाही. "बाकी नेहमीचंच आहे," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा वाचू का, असे मी रस्त्याकडे बघत विचारले. आप्पांनी डोळे उघडून कागदावरच्या माझ्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाले, "नगं. मोटार चुकंल तुझी." आणि ट्रंकेवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा तो छापील परिच्छेद नाना मोठ्याने वाचत होते. या कामाबद्दल, त्यातील विलंबाबद्दल किंवा इतर कोणत्याही कारणाने सरकारकडे माझे काहीही मागणे उरलेले नाही व पुढेही मी ते करणार नाही, असा त्याचा अर्थ होता. आप्पांनी उशिराची भरपाई मागताच खात्याने हा कागद पुढे केला होता. नानांनी मला विचारले, "हा तूच वाचून दाखवला होतास ना?" मी हो म्हणाले. सगळा का, असे त्यांनी विचारले नाही. माझ्याबद्दल तसा प्रश्न त्यांच्या मनात येणे शक्य नव्हते.

नानांनी सरकारला नोटीस दिली, मग दावा लावला. बिल अडवून घेतलेली सही खरी सही नव्हे, हा त्यांचा मुद्दा. तो लंगडा होता, हे त्यांनाही कळत होते. कागदात काय आहे हे मक्तेदाराला माहीतच नव्हते, असे दाखवता आले असते तर गोष्ट वेगळी होती. पण कागद तर मी वाचून दाखवला होता. नाना खोटा मुद्दा मांडणारे नव्हते.

सुनावणीच्या आदल्या दुपारी आप्पा आमच्याकडे जेवायला होते. नाना आत कागद लावत बसले होते. ओसरीवर मी आप्पांना सांगून टाकले की खालचे मी वाचलेच नव्हते, आणि उद्या मी कोर्टात तसे सांगणार आहे. ते सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुझं बोट निम्म्यावर थांबलं हुतं."

मग त्याच वेळी का नाही म्हणालात, असे मी विचारले.

"म्हनलो असतो तर तू वाचलं असतंस. न्हाई म्हनलो. बिलाची घाई मलाबी हुतीच की. ह्यात तुझं काय न्हाई, आक्का. सही माझी हाय."

मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "उद्या तू पिंजऱ्यात हुबी ऱ्हायलीस तर सरकारी वकील काय म्हनंल? बापानं पोरीला पढवून आनलंय. सायबांची इतक्या वर्साची अब्रू जाईल, आन केसबी जाईल. नानास्नी ह्यातलं काय सांगायचं न्हाई. मला शब्द दे."

मी शब्द दिला. देताना मला सुटल्यासारखे वाटले, हे लपवून ठेवून हे सगळे लिहिण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानांबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. सरकारी वकिलाने आप्पांना सही दाखवली. ती त्यांनी ओळखली. मग त्याने विचारले, सही करण्यापूर्वी कागद तुम्हाला समजावून दिला होता का?

"व्हय. जानत्या मान्सानं वाचून दावला हुता."

"पूर्ण?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते न्यायाधीशांकडे बघत म्हणाले, "व्हय सायेब. समदा."

त्यांच्या आयुष्यात ते एवढे एकच खोटे बोलले असतील. स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या वर्षी निकाल लागला. उशीर खात्याकडून झाला, मक्तेदाराकडून नव्हे, असे न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिले होते. पण त्याने सर्व जाणून सही केली असल्यामुळे आता त्याला काही मागता येत नाही, असे म्हणून दावा काढून टाकला. नानांनी निकाल मराठीत सांगितला तो आप्पांनी डोळे मिटून ऐकला. "म्हंजे उशीर आमचा न्हवता, हे लिवलंय न्हवं त्यात?" नानांनी मान हलवली. "तेवढं गवंड्यांस्नी सांगतो," म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून निघाले.

गवंड्यांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. बैलगाड्या गेल्या, कप्प्या-दोरखंड गेले, मिरजेच्या घराची पुढची बाजू गेली. मक्ते घेणे संपले. साठीला आलेला हा माणूस पुन्हा छिन्नी-हातोडी घेऊन बसला आणि जाती-पाटे घडवू लागला. मी सांगलीहून अधूनमधून जात असे. दारात दगडाची पांढरी भुकटी पसरलेली असे आणि खोकला आतपर्यंत ऐकू येई. गंगव्वा मला ताटात दही-भाकरी देई. निकालाबद्दल तिने कधी शब्द काढला नाही. एकदा मात्र भाकरी थापता थापता म्हणाली की ह्यांनी आयुष्यभर समदे कागद तोंडपाठ सांगितले, तेवढा एकच न्हाई सांगितला.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवले. छातीत काही राहिले नव्हते. मी गेले तेव्हा त्यांना उशीला टेकवून बसवले होते. श्वास घेऊन घेऊन त्यांनी माझी परीक्षा कधी, पास झाल्यावर शिकवणार का, असे विचारले. मी कागदाचा विषय काढू पाहिला, तर त्यांनी हातानेच नको म्हटले. "सायबास्नी सांग," म्हणाले, "केस लय झ्याक लढवली. त्यांचं काय चुकलं न्हाई." चार दिवसांनी ते गेले.

परीक्षा संपवून साताऱ्याला आले आणि पहिल्याच संध्याकाळी तो निरोप नानांना दिला. त्यांनी ऐकून घेतले, उठून कपाटातली ती फाईल काढली आणि बराच वेळ पाने उलटत बसले. आपणच कुठेतरी कमी पडलो, असे ते निकालापासून म्हणत आले होते. तेच पुन्हा म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"त्यांना तो कागद खरंच समजला होता का गं?"

आप्पांना दिलेला शब्द मला आठवला. पण पुढचे उत्तर मी शब्दासाठी दिले की स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

"हो नाना," मी म्हणाले. "सगळा."

नानांनी फाईलची दोरी बांधली.