इस्त्रीवाला जावई

आमच्या शिवणखान्यात मशीनं सात आणि कोळशाची इस्त्री एकच. त्या वर्षी महाराजांच्या दसऱ्याच्या स्वारीतल्या शिपायांचे कोट आमच्याकडे आले होते. एक शिवण झाली की कारागीर ती दाबायला उठायचा, तर इस्त्रीपाशी आधीच चौघे उभे. मग तंबाखू निघायची, गप्पा रंगायच्या आणि मशीनं ओस पडायची.

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. आमच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांना म्हणालो, "एकानंच इस्त्री धरायची, बाकीच्यांनी जाग्यावरनं उठायचंच न्हाय."

"व्हय की," उस्ताद म्हणाले. "उद्यापास्नं तूच धर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं हातशिलाई केल्यावर मला मशीन मिळालं होतं. उचगावच्या पाहुण्यांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं तेही मुलगा मशीनवाला म्हणून. आता माझ्या जागेवर दुसराच बसला आणि मी निखारे फुंकत राहिलो.

कोट मात्र धडाधड निघू लागले. इस्त्रीखाली वाकडी शिवण लपत नाही. दिसली की मी कोट परत करायचो. दोन दिवस शिव्या खाल्ल्या. पुढे मी मान हलवल्याशिवाय कुणी बाही जोडेना. मला मजा येऊ लागली, खोटं कशाला बोलू? पण मशीन गेल्याचं उचगावला मी कळवलं नव्हतं.

दसरा दोन दिवसांवर असताना होणारे सासरे दारात हजर. माझ्या कपाळाला काजळी. ते बाकावर टेकले आणि बघत बसले. तेवढ्यात मी एक बाही परत केली. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिराने ती निमूट उसवायला घेतली.

"पावणं, तुमचं मशीन कंचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दुसऱ्याला दिलंय. मी इस्त्री करतोय," मी सांगून टाकलं.

उस्ताद घाईघाईने मध्ये पडले. "दसरा होऊ द्या, ह्याचं मशीन ह्याला परत देतो."

"नगा देऊ, मालक," सासरे म्हणाले. "ह्यो मशीनवर बसला तर ह्या सगळ्यांचं चुकल्यालं कोण धरायचं? सुपारी कवा फोडायची, तेवढं बोला."