गायधनी साहेबांचा हीटर

सुरेश गायधनींना निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते, तेव्हा त्यांच्या गाडीचा हीटर गळायला लागला.

कुवेतमधला जुलै महिना होता. बाहेर एकोणपन्नास अंश. हीटर गळतोय हे कळायलाच आठवडा गेला, कारण आपल्या गाडीत हीटर नावाची वस्तू आहे हेच उल्कावहिनी विसरून गेल्या होत्या. त्यांच्या पायाखालचा गालिचा ओला व्हायचा आणि त्याला गोडसर वास यायचा. वहिनींना वाटलं, आमरसाचा डबा सांडला असेल. त्यांनी गालिचा धुतला, गच्चीवर वाळवला, परत घातला. तो परत ओला. समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसायचा, पुसला की आणखी पसरायचा. आणि रेडिएटरमधलं पाणी रोज बोटभर कमी.

मी अबू हलीफात त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायचो. गायधनी गाडी दाखवायला फहाहीलच्या गॅरेजात गेले तेव्हा सोबत मी होतो, म्हणून पुढचं सगळं मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

गॅरेजवाला तौफीक सियालकोटचा. त्यानं बॉनेट उघडलं, दोन रबरी नळ्या दाखवल्या आणि सांगितलं की इंजिनातलं गरम पाणी या नळ्यांनी डॅशबोर्डच्या मागे जातं, तिथे हीटरची छोटी जाळी आहे, ती फुटलीय. मग त्यानं खिशातून वीतभर लोखंडी नळीचा तुकडा काढला.

“दस मिनट, साहब. दोनों पाइप आपस में जोड़ देता हूँ. यहाँ सब यही करते हैं.”

“म्हणजे बायपास?” गायधनी मराठीतच म्हणाले.

“हाँ जी, बायपास.”

गायधनींनी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि बंद केलं.

आता हे समजायला त्यांची नोकरी सांगायला हवी. नाशिकरोडचा हा माणूस एकतीस वर्षं एका पेट्रोकेमिकल कारखान्यात हीट एक्स्चेंजर सांभाळत होता. एका बाजूनं गरम द्रव, दुसऱ्या बाजूनं थंड, मध्ये पातळ नळ्यांची भिंत. आमच्या इमारतीएवढे ते एक्स्चेंजर. त्यांतला एखादा गळला की वरचे साहेब म्हणायचे, उत्पादन थांबवू नका, बायपास करा. गायधनी म्हणायचे, थांबवा. यापायी त्यांच्या दोन बढत्या गेल्या होत्या. तिसरी मिळाली, कारण तोवर ते वरचे साहेब बदलून गेले होते.

“अहो, तीन महिन्यांनी आपण नाशकात असू,” घरी कळल्यावर वहिनी म्हणाल्या. “गाडी इथेच विकायची आहे. ती पस्तीस वर्षांची म्हातारी. तिला हीटर कशाला?”

“तीन महिने ती माझ्या ताब्यात आहे ना,” गायधनी म्हणाले. “तो एक्स्चेंजर आहे, उल्का. लहान आहे एवढंच.”

पहिली अडचण एसीची निघाली. त्या गाडीत हीटरची जाळी आणि एसीची जाळी एकाच पेटीत. हीटरला हात लावायचा तर आधी एसीचा गॅस काढावा लागणार. म्हणजे कुवेतच्या जुलैत, चालू हीटर मिळावा म्हणून चालू एसी बंद करायचा. तौफीकनं गॅस काढून दिला, पण काढण्याआधी माझ्याकडे वळून त्यानं हलक्या आवाजात विचारलं, “इनके घर में सब ठीक है ना?”

दुसरी अडचण जाळी मिळण्याची. आम्ही चार दुकानं फिरलो. सुलैबियात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथला म्हातारा दुकानदार हीटर हा शब्द ऐकून खुर्चीतून उठला. आतून एक खोका घेऊन आला. त्यावरची धूळ पुसली तेव्हा खोक्याचा मूळ रंग दिसला. बावीस वर्षं तो खोका कुणी मागितला नव्हता. दुकानदारानं आम्हाला चहा पाजला, शेजारच्या दुकानातल्या दोघांना बोलावलं आणि गायधनींना मध्ये उभं करून फोटो काढला.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला पार्किंगच्या पत्र्याखाली काम सुरू झालं. आमचे दुसरे शेजारी सिराज हुर्जुक मदतीला आले होते. ते हर्णैचे, फहाहीलला त्यांचं अत्तराचं दुकान. पाना कसा धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण गायधनींवर त्यांचा जीव.

गायधनींनी आधी आम्हा दोघांना रांगेत उभं केलं. दोघांची रांग. कारखान्यात असतं तसं काम सुरू करण्याचं परवानापत्र त्यांनी घरी छापून आणलं होतं. कामाचं स्वरूप, संभाव्य धोके, जबाबदार व्यक्ती. परवाना मागणारे सुरेश गायधनी, देणारेही सुरेश गायधनी. दोन ठिकाणी त्यांनी दोन वेगळ्या सह्या केल्या. मला आग विझवायचं नळकांडं देऊन सहा पावलांवर उभं केलं. सिराजभाईंना बॅटरीची सुटी केलेली तार सांभाळायची होती.

“साहेब, ही तार हातात धरून उभा राहू काय?” सिराजभाईंनी विचारलं.

“हो. कुणी जोडायला आलं तर नाही म्हणायचं.”

“कोण येणार?”

“कुणी येत नाही असं वाटतं तेव्हाच अपघात होतो, सिराजभाई.”

सिराजभाई चार तास ती तार धरून उभे होते. एकदा इमारतीचा राखणदार, इथल्या भाषेत हारिस, झाडू मारत जवळ आला, तर त्यांनी त्याला खरोखरच नाही म्हणून सांगितलं.

अकरा वाजले की काम बंद. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. ती मजुरांसाठी, पत्र्याखाली स्वतःची गाडी खोलणाऱ्यासाठी नव्हे, असं मी सुचवून पाहिलं. गायधनींनी घड्याळ दाखवलं आणि अवजारं मोजून पेटीत भरली.

अशा रीतीनं डॅशबोर्ड काढायलाच दोन शुक्रवार गेले. तो पार्किंगमध्ये ठेवला तर उन्हानं वाकडा होईल म्हणून तिघांनी धरून पाचव्या मजल्यावर नेला. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यानं नेला. हॉलमध्ये तीन जणांच्या सोफ्यावर तो बरोब्बर बसला. वहिनींनी त्यावर चादर घातली.

त्याच आठवड्यात वहिनींकडे श्रावणातल्या मंगळागौरीच्या तयारीसाठी आठ बायका जमल्या. आत येताच सगळ्यांनी आवाज खाली आणला. कुणी चमचासुद्धा वाजू देईना. तासाभरानं राजश्री म्हणून एक बाई होत्या, त्यांनी वहिनींच्या कानाशी लागून विचारलं, “बरं नाहीये का त्यांना?”

“कुणाला?” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. आता खुलासा करायचा तर हीटरपासून सांगावं लागणार होतं. “थोडा ताप आहे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन घरांतून गायधनींसाठी पेज आली.

जुनी जाळी बाहेर निघाली त्या दिवशी त्यांनी ती न्हाणीघरातल्या बादलीत बुडवली आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक ओळ वर आली. गायधनी बादलीपाशी उकिडवे बसून पाहत राहिले. वहिनी दाराशी आल्या.

“सापडलं?”

“सापडलं,” ते म्हणाले. “केसाएवढं आहे.” आणि आवाज एकदम बदलून म्हणाले, “पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा माणूस येतोय. परवा भेटायला आला, त्याला एक्स्चेंजर दाखवायला नेलं, तर म्हणाला, हे सगळं मी स्क्रीनवर बघतो.”

वहिनी आत येऊन बादलीपाशी बसल्या आणि त्यांनी पंप हातात घेतला. त्यानंतर त्यांनी हीटर कशाला असं कधी विचारलं नाही.

नवी जाळी बसली, डॅशबोर्ड जिन्यानं खाली आला, तौफीकनं एसीचा गॅस भरून दिला. राहिली चाचणी. गायधनींच्या मते पंधरा मिनिटं हीटर पूर्ण जोरावर चालवून प्रत्येक आसनापाशी तापमान नोंदवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणता येत नव्हतं. ऑगस्टची बारा तारीख, दुपारचे साडेचार, बाहेर सत्तेचाळीस. वहिनी छत्री, लिंबू सरबत आणि घड्याळ घेऊन बाहेर बसल्या. पुढे गायधनी आणि मी, मागे सिराजभाई. काचा बंद. तिघांच्या हातात एकेक थर्मामीटर.

पहिल्या चार मिनिटांत माझा सदरा पाठीला चिकटला. सातव्या मिनिटाला सिराजभाई शांतपणे म्हणाले, “साहेब, मला काय बी दिसत नाय. आकडा तुमीच वाचा.”

आठव्या मिनिटाला पोलिसांची गाडी येऊन थांबली.

एक तरुण पोलीस उतरला. भर ऑगस्टमध्ये तीन प्रौढ भारतीय काचा बंद करून गाडीत घाम गाळत बसलेले त्यानं पाहिले. मग बाहेर छत्रीखाली बसून घड्याळ बघणाऱ्या बाईकडे पाहिलं. त्यानं काचेवर टकटक केली. गायधनींनी काच उघडली नाही. सात मिनिटं बाकी होती. त्यांनी परवानापत्र काचेला लावून धरलं. पोलिसानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

वहिनी उठल्या आणि दार उघडून म्हणाल्या, “पुरे आता.”

पोलिसानं आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. सिराजभाईंना अरबी उत्तम येत असे. ते बाहेर येऊन इमारतीच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी जे होतं ते सांगितलं. पोलिसानं वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. मग त्यानं अरबीत एक प्रश्न विचारला.

“काय म्हणतोय?” गायधनींनी विचारलं.

“विचारतोय, हे कुणी दुरुस्त केलं.”

मी आणि सिराजभाई, दोघांनीही एकाच वेळी गायधनींकडे बोट केलं. त्याबद्दल मला अजून थोडी लाज वाटते.

पोलिसाचं नाव बद्र. त्याचे वडील ऐंशीचे, आणि त्यांच्याकडे अशीच एक जुनी गाडी. तिच्या हीटरच्या नळ्या कुणीतरी वीस वर्षांपूर्वी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. म्हाताऱ्यांनी तेव्हापासून डझनभर मेकॅनिकांना विचारलं आणि डझनभर मेकॅनिक हसले. बद्रला एवढंच विचारायचं होतं, की साहेब शुक्रवारी मोकळे आहेत का.

गायधनींनी नोकरीतले शेवटचे सात शुक्रवार त्या घरच्या अंगणात घालवले. जाळी सुलैबियातूनच आली. दुकानदाराकडे तशी दुसरी नव्हती, ती त्यानं कुठूनशी शोधून आणली. म्हातारबुवा दर वेळी खुर्ची टाकून समोर बसत. परवानापत्रावर सही करायला आता गायधनींना खरा दुसरा माणूस मिळाला होता, आणि बुवा सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ मुलाकडून समजावून घेत.

सप्टेंबरच्या अखेरीस हीटर सुरू झाला. बाहेर त्रेचाळीस. म्हातारबुवा एकटेच आत बसले, दार ओढून घेतलं आणि डोळे मिटले. बद्र घाबरून दोनदा पुढे झाला, दोनदा आतून हातानं खूण आली की थांब. दहा मिनिटांनी बुवा उतरले, चार पावलं चालले, परत आले, आणि गुडघ्यावर थाप मारून काहीतरी म्हणाले.

सिराजभाईंनी सांगितलं, “म्हणतात, चाळीस वर्षं या घरात एसी आहे. माझे गुडघे त्यानंच गेले. कुणाला सांगितलं तर म्हणायचे, वय झालं.”

गायधनींनी मान हलवली आणि वहीत तापमान लिहिलं.

ऑक्टोबरात गायधनी नाशिकला गेले. बद्र अजून त्यांना व्हिडिओ पाठवतो: म्हातारबुवा दुपारच्या असरच्या नमाजानंतर गाडीत बसलेत, काचा बंद, चेहरा लाल, प्रसन्न. परवा मी नाशिकला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा असाच एक आला. गायधनींनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि वहिनींना म्हणाले, “बघ, हवा तोंडावर घेतायत. गुडघ्यांना काय उपयोग?” आणि बद्रला फोन लावायला ते गॅलरीत गेले.