तेवढं लिहूं नका, डॉक्टरम्मा

वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत शेजारच्या मामी रविवारी पूंडु रसम करतात. पूंडु म्हणजे लसूण. ठेचलेल्या लसणीचा तो उग्र वास जिन्यात पसरला की घरातल्या सगळ्यांना भूक लागते आणि मी तेवढी अस्वस्थ होते. लष्करातली डॉक्टरकी सोडून मला दोन वर्षं झाली. आता मी अण्णा नगरच्या एका रुग्णालयात जाते, मेट्रोत उभ्याउभ्या डुलक्या काढते, साडी नेसायलाही नव्यानं शिकले आहे. पण त्या वासानं मी पुन्हा कॅप्टन होते आणि समोर वार्षिक वैद्यकीय तपासणीला आलेल्या जवानांची रांग उभी राहते.

कच्ची लसूण चावली की रक्तदाब उतरतो, ही जवानांची ठाम श्रद्धा. याच शहराच्या दक्षिण टोकाला आमची छावणी होती आणि तपासणीच्या सकाळी तिथला दवाखाना लसणीनं नुसता घमघमायचा. दवाखान्यात माझ्या हाताखाली एक हवालदार होते, ते त्यावर पोट धरून हसत. "लसणीनें बीपी उतरतें, तर डॉक्टरम्मा कशाला पाहिजेत?" हे हवालदार तंजावरचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी वाटायची, वर तमिळ हेल. मी साताऱ्याची, आधी गंमत वाटली, मग सुट्टीवर गेले की त्या हेलाची आठवण यायला लागली. जखम कशी बांधावी, घाबरलेल्या माणसाशी काय बोलावं, हे मला पुस्तकांआधी त्यांनी शिकवलं. मी तेव्हा एम. डी.च्या प्रवेशपरीक्षेच्या मागे होते. कवायत, बाह्यरुग्ण, कागदपत्रं यांत वाचायला वेळ मिळायचा नाही. "तुम्ही वाचा. सर्दीखोकला मी बघतों," म्हणत ते पडदा ओढून घ्यायचे. मला पुढं जी जागा मिळाली तिच्यात निम्मा वाटा त्यांचा होता, हे मी मोकळेपणानं सांगते.

त्या वर्षी त्यांचं नाव बढतीच्या यादीत होतं. हवालदाराचे नायब सुभेदार व्हायचे होते. वर्ष हुकलं की वयाच्या नियमानं निवृत्ती. घरी त्यांच्या पत्नीनं गावच्या देवीला नवसही बोलून ठेवला होता. आता प्रश्न होता फक्त तपासणीचा, आणि तपासणारी मी.

रक्तदाब अगदी पुस्तकातला निघाला. मी खूश होऊन मनगट धरलं आणि पुन्हा मोजायला लागले. नाडी फारच संथ होती. दोनदा जिना चढून यायला सांगितलं. घाम आला, श्वास लागला, पण नाडी जेमतेम हलली. रक्तदाब उतरवताना नाडीलाही लगाम घालणारी एक गोळी असते. ती कुठल्या कपाटात असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"गोळी कधी घेतलीत?"

"कुठली गोळी, डॉक्टरम्मा?"

ते माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. मी खिडकी लावली, दिवा मालवला आणि टॉर्चसारख्या छोट्या यंत्रातून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळ्यामागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना सकाळच्या गोळीनं फसवता येत नाही. आमची कपाळं जवळजवळ टेकली होती. ते श्वास रोखून होते, मीही. आत बारीक झालेल्या वाहिन्या होत्या आणि रक्ताचे दोन ठिपके. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं.

"दिसलें?" त्यांनी अंधारातच विचारलं.

"दिसलं."

"औषध घेईन. द्याल तें घेईन, रोज घेईन. तेवढं लिहूं नका, डॉक्टरम्मा."

बाहेर रांग खाकरत होती. माझ्या हातात पेन होतं. बढतीबरोबर त्यांची बदली उंचावरच्या बर्फात होणार होती. तिथं असा रक्तदाब घेऊन गेलेला माणूस मेंदूत रक्तस्राव होऊन एका तासात संपू शकतो. हे त्यांनाही माहीत होतं. मी लिहिलं. त्यांनी कागद वाचला, टाचा जुळवल्या, म्हणाले, "सरि, मॅडम." सरि म्हणजे ठीक आहे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी त्यांच्यासाठी मॅडमच राहिले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी त्यांचा जीव वाचवला. पण खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं असतं तर माझी एम. डी.ची संधी गेली असती, हा विचारही त्या अंधारात माझ्याजवळ होता. पेन कुणी चालवलं, त्या भीतीनं की डॉक्टरनं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि आमच्या धंद्यात टळलेल्या मरणाचा पुरावा कधीच हाती लागत नाही. चुकलेल्या बढतीचा मात्र लागतो.

दर पोंगलला मी तंजावरला फोन करते. त्यांच्या पत्नी उचलतात. "अय्यो, डॉक्टरम्मा! बरें आहांत?" मग ऊस, पाऊस, गुडघे. मागून त्यांचा आवाज येतो, "कोण?" त्या माझं नाव सांगतात. टीव्हीचा आवाज एकदम मोठा होतो. बाईंना ओशाळल्यासारखं होतं, त्या गुळमुळीत काहीतरी बोलून फोन ठेवतात. मी बराच वेळ फोन हातात धरून बसते. वाईट वाटतं, फार वाटतं. मग मनात येतं, रागवायला ते जिवंत आहेत. बहुतेक दिवस मला तेवढं पुरतं.