सावलीकडची खिडकी

अमळनेरहून धुळ्याला परतताना मला बहुतेक तोच कंडक्टर भेटतो. उन्हाळ्यात तो तिकिटाआधी माणसाचा चेहरा बघतो. कांदा काढून दमलेल्या बाया चढल्या की माझ्यासारख्याला सावलीतून उठवतो.

“भाऊ, तुमना हापिसमा पंखा शे. तुम्ही उनकडे बसा.”

असला नियम एस.टी.त कुठेच नाही. एकदा एक व्यापारी भांडायला ताडकन उठला, तर हा उन्हाकडच्या सीटकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाला, “उठनात ना? मंग बसा आते तठे.”

काल बस निम्मी रिकामी होती. मी सवयीने उन्हाकडे निघालो. त्याने माझा चेहरा न्याहाळला आणि दंडाला धरून मला सावलीत बसवलं.

घरी आल्यावर मी बराच वेळ आरशासमोर उभा होतो.