छतावरचा डाग

आमचे भाऊजी रंगारी. शिडीवरून पडून त्यांची कंबर दुखावली, तेव्हा पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आधी चटईवर झोपवून नुसता श्वास घ्यायला लावला. "मग जन्मभर मी काय करत होतो?" भाऊजी करवादले. पुढे पाय उचलणं आलं, मग कंबर. ताकद परतली, पण घरी कण्हणं काही थांबेना. आयता चहा कोण सोडतो? फक्त रोज उताणं पडलं की स्वतःच्याच छतावरचा डाग डोळ्यांत खुपायचा. त्यावरून ताई वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होती. शेवटी ती बाजारात गेली तशी स्वारी शिडीवर चढली, डागावर ब्रश फिरवला आणि परत चटईवर कण्हायला हजर!

ताई आली. तिने वर पाहिलं आणि चहाऐवजी रंगाचा डबा आणून त्यांच्या उशाशी ठेवला. "अहो, स्वयंपाकघर राहिलंय."