पाठवणीच्या वेळी उपसलेली वायर

आमच्या गावी, मंद्रूपला, चार माणसांत दादाने मला 'भोंगेवाला' म्हटलं होतं. ते मी आजही विसरलेलो नाही. तरी त्याच्या मुलीच्या लग्नात लाऊडस्पीकर माझाच लागला. काका नाही तर गाणी नाहीत, असं पुतणीनेच निरोप धाडून सांगितलं होतं.

सोलापुरात त्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर माझं घर चालायचं. घासाघीस करून मिळवलेली वस्तू ती. मांडवात शिरताच मी सगळ्यांना दम भरला, "मशीनला कुणी हात लावायचा नाही."

पाठवणीच्या वेळी मी हात धुवायला गेलो होतो. रेकॉर्ड जोरात चालू होती. पुतणी दादाच्या गळ्यात पडून काही सांगत होती, पण त्याला ऐकू येईना. एका हाताने तिला तसंच धरून त्याने खांबावरचा कर्ण्याच्या वायरीचा जोड उपसला. कर्णा गप्प झाला, मशीन मात्र चालूच. अशा मशीनचा जोर कर्ण्यात गेला नाही, तर तो आतलंच जाळतो. मी धावत आलो तेव्हा जळक्या वार्निशचा वास सुटला होता.

"दादा, अरे बटण बंद करायचं की!"

"मशीनला कुटं हात लावलाय मी? वायर तेवढी काडली."

"वायरच काढायची नसते! लग्नसराई तोंडावर आलीय माझी!"

"लई वरडू नगंस. पोरगी चाललीय."

पुतणीने डोळे पुसत विचारलं, "काका, बिगाडलं व्हय?"

"न्हाय गं. तापलंय जरा. जा तू."

दुसऱ्या दिवशी न बोलावता दादा माझ्याबरोबर एसटीत चढला. मशीन स्वतःच्या मांडीवर घेतलं. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचा.

"काल काय सांगत होती ती?" मी विचारलं.

त्याने मशीन मांडीवर नीट सावरलं. मग म्हणाला, "काकाशी भांडू नगा म्हणली."

चुकलं, असं त्याने म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

सोलापुरात मेकॅनिकने झाकण काढून आत नाक घातलं. आजारी गाईपाशी बसावं तसा दादा वाकला. "जगंल का?"

"ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळावा लागेल. पण जगेल."

दादा तिथंच पायरीवर बसला आणि मुलीला लावून दिल्यापासून पहिल्यांदा रडला. मी त्याला चहा सांगितला. मेकॅनिकशी घासाघीस करायचीच होती. ती त्या दिवशी मी हळू आवाजात केली.