अण्णांनी वाचलेला कचरा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावेडीत भाजी घेत होते. भिंगारला त्यांचं मराठी टायपिंगचं दुकान होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं कळवलं. कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले...

माझी आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर अण्णांशेजारी बसून तिनं लहानपणच्या आठवणी सांगितल्या, त्यांनी टाइप केल्या. फाइल मी घरी आणली, पण ‘छापू, छापू’ म्हणत राहिले आणि आई गेली. मग नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा नुसता कचरा! मी शहाणी. इंटरनेटवरून त्याच नावाचा फॉन्ट उतरवला. निम्मी अक्षरं मराठी झाली, निम्मी आणखी बिघडली. शहरातल्या दोन दुकानदारांनी हात टेकले. आईचे शब्द मीच घालवले, असं वाटत राहिलं.

शेवटी अण्णांना बोलावलं. तोवर त्यांनी दुकान जवळपास बंदच केलं होतं. ते आले, चष्मा पुसला, पडद्याकडं बघत राहिले. मग त्या कचऱ्यावर बोट ठेवून सावकाश वाचू लागले, "घोडेगावच्या बाजारात... दादांनी माझी तांबडी गाय विकली... त्या दिवशी मी... जेवले नाही."

"अण्णा, पाठ आहे तुम्हाला?"

"पाठ कसलं! बोटं वाचत्यात, ताई. ह्यो कचरा म्हंजी मी दाबलेली बटनंच. कुठल्या बटनाला काय उमटतं, बोटांना ठावं हाय. बाईंचा मजकूर कुठं गेला न्हाई. एका नावाचे दोन फॉन्ट हायेत, जुना आन् नवा. तुमी नवा टाकला."

मला रागवले मात्र नाहीत. नवा फॉन्ट काढला, पिशवीतल्या जुन्या सीडीवरचा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पान उघडलं. अक्षर न् अक्षर जागेवर! मी रडतेय हे बघून ते उगाचच वायरी नीट लावत बसले. मी मशिनं आणि माणसं भरपूर पाहिली, पण असं वाचणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवायची त्यांची सवय होती. लोक हसायचे. माझ्याही पडद्याखाली ती आहे, निळ्या बॉलपेननं लिहिलेली: ‘नवीन फॉन्ट टाकू नये. अडल्यास फोन करणे.’ आता पुस्तक छापून झालंय, घरात दहा प्रती आहेत. तरी परवा ती फाइल उघडली. घोडेगावच्या बाजाराचं पान आलं. वाक्य आईचं, गायही आईची... पण ऐकू आलं ते अण्णांच्या आवाजात, थांबत थांबत.